पूजेतला कम्प्युटर

भित्यापाठी ब्रह्मराक्षस म्हणतात, ते माझ्याकडे बघूनच कुणीतरी म्हटलं असावं. लहानपणी मी विहिरीत डोकावायला भ्यायचे, शाळेत गुरुजींच्या खाकरण्याला भ्यायचे आणि मोठी झाल्यावर बाबांच्या गप्प बसण्याला. पण त्या दसऱ्याला मी जशी भ्याले तशी आधी कधी नाही आणि नंतरही नाही. तेव्हा मी वाशीमला कम्प्युटरच्या डिप्लोमाच्या दुसऱ्या वर्षाला होते आणि रोज एसटीने जाऊन-येऊन करायचे.

आमचं गाव मालेगावहून शिरपूरला जाणाऱ्या रस्त्यावर. घर भाजीपाल्याचं. वांगी, टमाटे, सांभार म्हणजे कोथिंबीर, आणि दसऱ्यासाठी एकरभर झेंडू. अशा घरात कम्प्युटर यायचं काही कारण नव्हतं. तो आला वधू-वर परिचय पुस्तिकेमुळे. बाबा आमच्या समाजाच्या मंडळाचे सचिव. लग्नाच्या मुलामुलींची माहिती आणि फोटो असलेली पुस्तिका मंडळ काढतं, ती घरोघरी जाते आणि त्यातून सोयरिकी जुळतात. त्या वर्षी बाबांनी ठरवलं की टाइप घरीच करायचं, प्रेसने फक्त छापायचं. मंडळाने कुणाकडून तरी एक जुना कम्प्युटर आणून आमच्या बैठकीत ठेवला.

टाइप करणार होती माझी वहिनी. तिचं माहेर इंझोरी. लग्नाआधी तिने मराठी टायपिंगची परीक्षा दिली होती आणि तिची बोटं अजून ते विसरली नव्हती. बाबांनी सुनेला हे काम सांगितलं तेव्हा आई दोन दिवस भांडी आपटत होती. "सुनेले खुर्चीवर बसवून राह्यले," असं ती शेजारणीला सांगायची. वहिनी सकाळी शेतात जायची, दुपारी येऊन भाकरी खायची आणि मग पदर खोचून कम्प्युटरसमोर बसायची. त्या खुर्चीत बसल्यावर ती वेगळीच दिसायची. पाठ ताठ, नजर कागदावर, आणि बोटं आपापली चाललेली. दादा तिचा नवरा असूनही तेव्हा दारातून वाकून, आवाज न करता जायचा.

चारचौघांत ती मला 'ताई, तुमी' म्हणायची. दोघीच असलो की 'तू'.

आता एक गोष्ट सांगायला हवी, कारण सगळी भीती तिच्यातूनच आली. मुलामुलींची माहिती यायची हाताने लिहिलेल्या कागदांवर. वर गणपतीचं नाव, चारही कोपऱ्यांना हळदकुंकू. असा कागद जाळता येत नाही, केरात टाकता येत नाही. वहिनीचे टाइप होत आले तसे ते कागद आईने एका पिशवीत भरले आणि गणपती विसर्जनाला निर्माल्याबरोबर तलावात सोडून दिले. "टाइप झालं नं? मंग घरात कायले ठेवा?" असं तिचं म्हणणं. कुणालाही त्यात काही चुकीचं वाटलं नाही, मलाही नाही, आणि मी तर कम्प्युटर शिकत होते. म्हणजे गावोगावच्या लेकरांचं सगळं काही आता त्या एका डब्यात होतं.

त्यात एक कागद माझाही होता. बाबांनी मला न विचारता तो लिहिला आणि वहिनीच्या हातात दिला. मला कळलं तेव्हा मी जेवता जेवता ताटावरून उठले. "मले आत्ता लग्न नाई कराचं," मी म्हणाले. बाबा म्हणाले, "पुस्तिका निघू तं दे. उद्याच कोनी घोडं घेऊन येऊन नाई राह्यला." त्यानंतर आम्ही दोघं आठ दिवस बोललो नाही.

कॉलेजात तेव्हा लिनक्सची प्रॅक्टिकलं सुरू झाली होती. लॅबमधल्या एका मशीनवर तिघी तिघी. माझ्या वाट्याला कीबोर्ड यायचाच नाही, मी मागे उभी राहून मान लांब करायचे. आमच्या सरांनी सांगितलं की घरी कम्प्युटर असेल तर विंडोजच्या शेजारी लिनक्स टाकता येतं, दोन्ही नांदतात. घरातला एकुलता एक पेनड्राइव्ह मी कॉलेजात नेला आणि सरांनी तो रिकामा करून त्यावर लिनक्स चढवून दिलं. त्या पेनड्राइव्हवर वहिनीने पोळ्यापर्यंतच्या कामाची कॉपी ठेवली होती, हे मी तेव्हा विचारलं नाही. म्हणजे विचारायचं सुचलंच नाही.

अष्टमीच्या सकाळी सगळे शेतात होते. मी कॉलेज बुडवलं आणि वहीत लिहून आणलेल्या पायऱ्या एकेक करत लिनक्स टाकलं. झालं, तेही पहिल्या फटक्यात. मशीन पुन्हा सुरू केल्यावर काळ्या पडद्यावर यादी आली. वर लिनक्स, सगळ्यात खाली विंडोज. हव्या त्या नावावर जाऊन एंटर मारायचं. मला इतका आनंद झाला की मी एकटीच हसले.

मग नेहमीप्रमाणे भीती आली. दुपारी वहिनी येणार, बटण दाबणार, ही यादी बघणार. तिने नुसतं एंटर मारलं की समोर भलताच जांभळा पडदा. ती दादाला हाक मारणार, दादा बाबांना. बाबा विचारणार, समाजाच्या कम्प्युटरला तू कुणाच्या परवानगीने हात लावला. मी ठरवलं, काढून टाकू. विंडोजमध्ये शिरले, डिस्कचे भाग दाखवणारी खिडकी उघडली आणि लिनक्सचा भाग सरळ खोडून टाकला. पुरावा नष्ट. खात्रीसाठी मशीन पुन्हा चालू केलं.

पडद्यावर दोन ओळी आल्या. असा भाग सापडत नाही, असं पहिलीत होतं. दुसरीत 'ग्रब रेस्क्यू' आणि पुढे लुकलुकणारी एक रेघ. बस. यादी नाही, विंडोज नाही.

आज कळतं की त्यात आभाळ कोसळण्यासारखं काही नव्हतं. मशीन सुरू होताना कुठे जायचं हे सांगणारा जो छोटा प्रोग्रॅम असतो, त्याचं अर्धं बिऱ्हाड मी खोडलेल्या भागात होतं. दारावरचा माणूस उभा होता, पण घराचा रस्ता त्याला आठवत नव्हता. आतलं घर शाबूत होतं. पण हे तेव्हा मला कुठून कळणार? मला वाटलं, सगळं गेलं. मी बंद केलं, चालू केलं, वायर काढली, लावली, परत तीच लुकलुकणारी रेघ. तलावातले कागद मला दिसायला लागले, पाण्यावर पसरलेले, शाई पुसलेले.

आणि मग खरी भीती आली. बाबा काय समजतील? लग्न नको म्हणून ताटावरून उठलेली पोरगी घरात एकटी होती आणि पुस्तिका गेली. हिने मुद्दाम केलं. समाजाच्या सगळ्या लेकरांचं नुकसान केलं, स्वतःच्या हट्टापायी. मी शंभर शपथा घेतल्या असत्या तरी कुणी विश्वास ठेवला नसता. मीच ठेवला नसता.

तेवढ्यात वहिनी आली. डोक्यावरची पाटी उतरवून ती आत आली, पडदा बघितला आणि म्हणाली, "हे काय हाये?"

"माहीत नाई," मी म्हणाले. "मी चालू केला तं असंच."

ती माझ्याकडे बघत राहिली. मी भिंतीवरच्या कॅलेंडरकडे. शेजारी माझी वही उघडी होती आणि तिच्यात पायऱ्या एक ते चौदा नंबर घालून लिहिलेल्या होत्या. वहिनीने ती वही मिटली आणि माझ्या दप्तरावर ठेवली.

दिवस मावळायच्या आत सगळे घरी आले. बाबांनी पाय धुतले, चहा घेतला आणि रोजच्यासारखं विचारलं, "किती पानं तपासाची राह्यली?" मी चुलीपाशी होते. माझे हात जे थांबले ते थांबलेच. वहिनी बाबांना म्हणाली, "मामाजी, कम्प्युटर चालू होऊन नाई राह्यला. माह्याच हातून काही दबलं असन."

मी वर बघितलं नाही. आई म्हणाली, "म्हनलं होतं म्या. ज्याचं काम त्यानं करा." बाबांनी वहिनीकडे बघितलं, मग माझ्याकडे, आणि माझ्याकडे जरा जास्त वेळ बघितलं. मी भाकरी उलटली. ती आधीच करपली होती.

दादाने मालेगावच्या कम्प्युटरवाल्याला फोन लावला. हा माणूस दुकानात रेडिओपासून मिक्सरपर्यंत सगळं उघडून बसलेला असायचा आणि कुठल्याही कम्प्युटरला त्याच्याकडे एकच औषध होतं. दादा फोन ठेवून खुशीत म्हणाला, "उद्या खंडेनवमी हाये, त्याचे पेचकस, सीड्या सगळं पूजेत राह्यते. हात नाई लावत म्हने. दसऱ्याले सकाळी आना, फॉरमॅट मारून देतो. नवाकोरा होईन म्हने."

"फॉरमॅट म्हंजे सगळं पुसून टाकते, दादा," मी म्हणाले. "काहीच नाई राहत त्याच्यात."

"मंग कराचं काय?" दादा म्हणाला.

"मी पाह्यते नं."

"तू हात नको लावू," बाबा म्हणाले. एवढंच. पण त्या चार शब्दांत त्यांना काय वाटत होतं ते सगळं होतं.

खंडेनवमीला आमच्याकडे घरातलं सगळं हत्यार धुऊन पुसून पूजेला मांडतात. विळे, कोयते, कुदळ, फवारणीचा पंप, दादाच्या मोटरसायकलची चावी. आणि पूजेला मांडलेल्या वस्तूला दुसऱ्या दिवशी दसऱ्याला उतरवेपर्यंत हात लावायचा नाही. तिलाही एक दिवस विसावा. आमच्या झेंडूवाल्या घराला ते सोयीचंही होतं, कारण त्या दिवशी काम फक्त फुलं तोडायचं आणि फुलं हातानेच तोडतात.

त्या वर्षी आईने कम्प्युटरही पूजेत घेतला. बिघडला होता म्हणूनच जास्त. बैठकीत होता तिथेच त्याच्यापुढे पाट मांडला, खालच्या डब्यावर ओल्या कुंकवाचं स्वस्तिक काढलं, पेनड्राइव्ह लावायच्या दोन्ही भोकांवर एकेक बोट टेकवलं, कारण तिला ते डोळे वाटले. वर पडद्याला झेंडूचा भलामोठा हार. काळा पडदा, त्याला हार आणि खाली उदबत्ती. आता सांगताना हसू येतं, तेव्हा बघवत नव्हतं. सगळ्यांनी हात जोडले. मीही जोडले, आणि इतक्या मनापासून जोडले की आई म्हणाली, "पाय पड, पाय पड, परीक्षा हाये तुही."

अकराच्या सुमारास सगळे झेंडूत गेले. वाशीमच्या बाजारासाठी गाडी चारला येणार होती, तोवर पोती भरायची होती. घरी राहिलो वहिनी आणि मी. वहिनी पुरणाची, मी तिच्या हाताखालची.

पुरण शिजत लागलं तेव्हा वहिनी म्हणाली, "मी तोरणं करते दारात बसून." तिने झेंडूची पाटी, आंब्याचे डहाळे आणि सुईदोरा घेतला आणि बैठकीच्या उंबऱ्यात, रस्त्याकडे तोंड करून बसली. मग मागे न बघता म्हणाली, "कोनी आलं तं मी मोठ्यानं बोलन."

मी कितीतरी वेळ तशीच उभी होते. एक तर पूजेतल्या वस्तूला हात लावायचा म्हणजे पापच. त्यात बाबांचं 'तू हात नको लावू'. शिवाय आता काही चुकलं तर उरलंसुरलंही जाणार आणि तेव्हा मात्र खरोखर माझ्याच हाताने. दुसरीकडे उद्या सकाळी दादा तो डबा मोटरसायकलला बांधून फॉरमॅटला नेणार. इकडे आड तिकडे विहीर म्हणतात ते काय असतं, ते मला त्या दिवशी कळलं. मी उदबत्तीची राख न हलवता पाट बाजूला सरकवला आणि दप्तरातून पेनड्राइव्ह काढला.

तो पुढच्या भोकात जाईना. कुंकू वाळून घट्ट बसलं होतं. काडीने कोरायला गेले तर आत सांडेल, ठिणगी उडेल, काय काय मनात आलं. डबा तिरका करून मागच्या बाजूला हात घातला आणि चाचपडत तिथल्या भोकात बसवला. हार मात्र काढायची हिंमत झाली नाही. हाराच्या खालून जेवढा पडदा दिसतो तेवढ्यात काम करायचं ठरवलं.

बटण दाबलं. पेनड्राइव्हवरचं लिनक्स हळूहळू वर आलं, काहीही न टाकता, नुसतं बघण्यापुरतं. मी डिस्क उघडली. विंडोजचा भाग होता. त्यात वहिनीचा फोल्डर होता. त्यात फायली होत्या, एकीखाली एक, नंबर घातलेल्या, शेवटपर्यंत.

"वैनी, हाये," मी म्हणाले.

"उघडून पाह्य."

मी एक फाइल उघडली. मराठी एक अक्षर नव्हतं. इंग्रजी अक्षरं, कंस, टिंबं, उलटे स्वल्पविराम, काहीही. दुसरी उघडली, तीही तशीच. तिसरी. मला वाटलं, फायली आहेत पण आतून सडल्या. मी तिथेच जमिनीवर बसले आणि रडायला लागले, मोठ्याने, लहान पोरासारखी. "माह्या हातून झालं, वैनी. मी दुसरी सिस्टिम टाकली, मंग काढली. तुही कॉपीही मीच पुसली. मुद्दाम नाई केलं. शपथ, मुद्दाम नाई केलं."

वहिनी उठून आली. तिच्या मांडीवरची फुलं घरभर झाली. माझ्याकडे न बघता ती हाराखाली वाकली आणि पडद्याकडे बघत राहिली. मग तिचा उजवा हात हवेत हलायला लागला, टाइप करताना हलतो तसा.

"यू, के, ओ," ती म्हणाली. "यूवर न हाये. केवर काना. ओवर व. नाव." तिने पुढच्या अक्षरांवर बोट ठेवलं. "हे बरोबर हाये वो. मी दाबलं तसंच हाये. हे असंच असते खाली, वरून मराठी दिसते."

तेव्हा माझ्या डोक्यात उजेड पडला. ती ज्या जुन्या अक्षरवळणात, म्हणजे फाँटमध्ये, टाइप करायची ते फक्त विंडोजमध्ये होतं. लिनक्सकडे ते नव्हतं, म्हणून त्याने नुसत्या दाबलेल्या कळा दाखवल्या. हे खरं तर मला कळायला हवं होतं. पण डिप्लोमावाली रडत बसली होती आणि बारावी झालेली वहिनी बोटांनी वाचत होती.

"तुहं काढ," ती म्हणाली.

माझा नंबर तिला पाठ होता. मी ती फाइल उघडली. वर माझा फोटो, कॉलेजच्या ओळखपत्रावरचा, त्यात मी चोरासारखी दिसते. खाली तो सगळा कचरा. वहिनी एकेक ओळीवर बोट फिरवत हळूहळू वाचत गेली. नाव, जन्मवेळ, उंची. वर्ण गहूगोरा, हे बाबांनी पदरचं घातलेलं. शिक्षण, डिप्लोमा चालू. आणि त्यापुढे एक ओळ होती, तिथे तिचं बोट थांबलं.

"काय हाये?" मी विचारलं.

"लग्नानंतर शिक्षनाची अट नाई," तिने वाचलं.

ती ओळ बाबांनी लिहिली होती आणि तिने ती टाइप केली होती. म्हणजे सासरच्यांनी पुढे शिकू दिलं नाही तरी चालेल. ती परत उंबऱ्यात जाऊन बसली आणि सुईत दोरा ओवायला लागली.

फायली शाबूत म्हणजे बिघडलंय ते फक्त सुरू होतानाचं, एवढं आता कळलं होतं; रस्ता दाखवणारा तो प्रोग्रॅम परत बसवायचा होता. वहीत तेवढ्याचीच वेगळी रीत नव्हती. मला एकच मार्ग दिसत होता, काल खोडलेल्या रिकाम्या जागेत लिनक्स परत टाकायचं. ते बसताना तो प्रोग्रॅमही नव्याने बसतो आणि शेजारचं विंडोज हुडकून यादीत घेतो. पण त्या पायरीवर मशीन विचारतं, शेजारी टाकू की सगळी डिस्क पुसून टाकू. दोन गोल, एकाखाली एक. अष्टमीला मी तिथे सहज टिचकी मारली होती. आज तोच प्रश्न चार वेळा वाचला, बोट ठेवून वाचला, आणि वहिनीला हाक मारून तिच्याकडूनही एकदा स्पेलिंगसकट वाचून घेतला. मग शेजारच्या गोलावर टिचकी मारली.

एक पट्टी हळूहळू भरायला लागली. अर्ध्यावर आली तोच लाइट गेली. पंखा थांबला. टेबलाखालचा जुना यूपीएस टिंव टिंव करायला लागला. तो किती वेळ टिकतो हे कुणालाच माहीत नव्हतं, कारण लाइट गेली की आम्ही घाईने बंदच करायचो. मी पट्टीकडे बघत होते आणि ती जागची हलत नव्हती. मला देवाचं नाव आठवेना. खंडेनवमीला घरात सगळीकडे देव मांडलेले आणि मला एकाचंही नाव आठवेना. वहिनी रस्त्याकडे बघत तोरण ओवत होती, पण तिने एकाच जागी तीन पानं ओवली, मधे फूल नाही. ते तोरण नंतर कितीतरी दिवस दाराला तसंच होतं.

लाइट आली. यूपीएस गप्प झाला. पट्टी भरली.

यादी आली. वर लिनक्स, खाली विंडोज. मी बाण खाली नेला, एंटर मारलं, आणि विंडोज आलं, त्याच्या त्या हिरव्या डोंगराच्या चित्रासकट. वहिनीने फाइल उघडली. मराठी. काना, मात्रा, सगळं जिथल्या तिथे. तिने पदराने पडद्यावरची धूळ पुसली, जिथे धूळ नव्हती तिथलीही.

एकच काम उरलं. मी लिनक्समध्ये जाऊन एका फायलीत शून्याच्या जागी चार लिहिलं, कारण ती यादी शून्यापासून मोजतात आणि विंडोज पाचवं होतं, म्हणजे कुणी काही दाबलं नाही तर दहा सेकंदांनी आपोआप विंडोज उघडेल. मग मशीन बंद केलं, पाट जागेवर सरकवला आणि स्वस्तिकाला लागलेला माझ्या अंगठ्याचा डाग वहिनीने कुंकवाच्या बोटाने भरून काढला. रस्त्यावरून कुणीतरी बाई जात होती. "झाली का वो फुलं तोडून?" वहिनी मोठ्यानं म्हणाली.

दसऱ्याला सकाळी बाबांनी हार उतरवला. दादा दोरी घेऊन उभाच होता, डबा बांधायला. "एक डाव चालू करून तं पाहा," वहिनी म्हणाली. बाबांनी बटण दाबलं. काळा पडदा, यादी, दहा सेकंद. बाबांनी यादीकडे बघितलं. मग हिरवा डोंगर आला.

"पूजा पावली," आई म्हणाली आणि कम्प्युटरला परत नमस्कार केला. दादाने मालेगावला फोन करून नको म्हणून सांगितलं. बाबा वहिनीला म्हणाले, "आता बोटं सांभाळून दाब." ती "हो मामाजी" म्हणाली आणि खुर्चीत बसली. तेवढ्यात मी बोलायला हवं होतं. चार शब्द होते. मी आपट्याची पानं मोजत बसले.

पुस्तिका छापून आली ती तुळशीच्या लग्नाच्या सुमारास. गठ्ठा सोडला तेव्हा नव्या कागदाचा वास घरभर झाला. बाबांनी चष्मा लावला आणि आधी माझं पान शोधलं. मागून पुढे, पुढून मागे. माझं पान नव्हतं. नंबर ओळीने होते, मधे जागा सुटलेली नव्हती, फक्त मी नव्हते.

"हे कसं काय?" बाबा म्हणाले.

वहिनी दारात उभी होती. डोक्यावर पदर, नजर खाली. "तवा कम्प्युटर बिघडला होता नं, मामाजी," ती म्हणाली. "त्याच्यात गेलं असन. माह्या ध्यानात नाई आलं."

बाबा खूप बोलले. एवढी पानं नीट राहिली आणि गेलं ते नेमकं घरच्याच पोरीचं, समाजात काय तोंड दाखवू. आईने तिचं जुनं वाक्य परत म्हटलं. शेवटी बाबा म्हणाले, पुढच्या वेळी टाइप वाशीमच्या प्रेसमध्येच देऊ, हे बायामाणसाचं काम नाही. आठ दिवसांत मंडळाची माणसं येऊन कम्प्युटर घेऊन गेली. मी तेव्हाही काही बोलले नाही. भित्री ती भित्रीच. दादाने वहिनीची ती खुर्ची उचलून मागच्या पडवीत नेली, आणि आई तिच्यावर कांद्याचं पोतं ठेवायला लागली.

ज्या दिवशी बाबा बोलले त्या दुपारी वहिनी शेतात निघाली होती. चप्पल घालताना ती माझ्यापाशी थांबली. आजूबाजूला कुणी नाही हे बघून तिने हळूच विचारलं,

"तुही परीक्षा कवा हाये?"

"पुढच्या महिन्यात," मी म्हणाले.

"मंग बस अभ्यासाले," ती म्हणाली आणि पाटी डोक्यावर घेऊन गेली.